झेलायचं नाही

आमच्या घराण्यात वर कोणी गेलेलं नाही. म्हणजे मेलेत तसे बरेच, पण दहीहंडीच्या थरांत वर चढलेला म्हणाल तर एकही नाही. आजोबा खालच्या थरात, काका खालच्या थरात, आणि पप्पा तर खालच्या थराच्याही अगदी मधोमध, जिथे सगळ्यांचा भार येतो तिथे. खाडीवरच्या कोळ्यांची हाडं आमची. जाळी ओढून ओढून खांदे असे झालेत की शिंप्याला दर वेळी वाटतं आपलंच माप चुकलं. पुढे होडी गेली, जाळी गेली, वर्तकनगरात दोन खोल्या आल्या, पप्पा बसवर ड्रायव्हर लागला आणि रिटायर पण झाला, खांदे मात्र होते तसेच राहिले. ते मला मिळाले. आईचं नाजूक नाक मिळालं असतं तर लग्नाच्या बाजारात जरा सोपं गेलं असतं असं मावशी म्हणते, पण मावशीला विचारतंय कोण.

कॉलेजात असताना आमच्याकडे मुलींचं पथक निघालं, तेव्हा मी सगळ्यांत आधी नाव द्यायला धावलेले. मला वर जायचं होतं. अगदी शेंड्यावर नाही, पण निदान दुसरा थर, तिसरा थर, काहीतरी. पथकाच्या ताईने माझ्याकडे एकदा बघितलं, गोल फिरून मागून बघितलं आणि म्हणाली, "तू खाली." झालं. कॉलेज संपेपर्यंत मी खाली. माझ्या खांद्यावर जी उभी राहायची तिच्या पायाचा अंगठा माझ्या कानात असायचा. वरून काय दिसतं ते मला माहीत नाही. खालून काय दिसतं ते सांगते: समोरच्या मुलीच्या टीशर्टवर छापलेलं कुठल्यातरी नेत्याचं तोंड, गॉगलसकट. पूर्ण सण मी त्या गॉगलकडे बघत काढायचे.

खालच्या थराचा एक नियम असतो. आमच्या घरात तो बाराखडीच्या आधी शिकवतात. थर कोसळला, वरून माणूस अंगावर येत असला, तरी खालच्याने सरकायचं नाही. हात वर करायचे आणि झेलायचं. तू सरकलास तर वरचा थेट डांबरावर. पप्पाच्या तरुणपणी त्यांच्या पथकातला एक जण म्हणे ऐन वेळी सरकला. वरच्या पोराचा पाय मोडला. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही, कारण खाडीवर त्याला सगळे "सरकलेला" म्हणतात. त्याला नातवंडं झाली, हार्टचं ऑपरेशन झालं, तरी तो सरकलेलाच. पप्पा आयुष्यात कधी सरकला नाही. हे तो लग्नात सांगतो, मयतीत सांगतो, बँकेत केवायसी करायला गेला तर काउंटरवरच्या मुलीलाही सांगतो.

आता माझं. तिशी उलटली आणि मला परत वर जायची खाज सुटली. मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात बसून फोनवर लोकांच्या शिव्या ऐकते, त्याचा मला पगार मिळतो. एका सकाळी आमच्या कॉलनीमागच्या बागेत चालायला गेले तर चार-पाच पोरं कट्ट्यावरून, कठड्यावरून उड्या मारत होती आणि एक काडीपैलवान माणूस बाजूला उभा राहून त्यांना झापत होता. मी विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, पार्कूर. म्हणजे इथून तिथे जायचं, आणि मधे भिंत, पायऱ्या, रेलिंग जे काय येईल ते अंगाच्या जोरावर ओलांडायचं.

"हे तर ठाण्यात सगळेच करतात," मी म्हटलं. "फुटपाथ आहे कुठे?"

तो हसला नाही. नंतर कळलं, तो हसतच नाही. शहाडचा राहणारा, आधी स्वतः वेड्यासारख्या उड्या मारून गुडघ्याचं वाटोळं करून घेतलेला, आणि आता दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा. त्याने माझे बूट बघितले, म्हणाला, हे उंच टाचेचे फोमवाले चालणार नाहीत, सपाट तळव्याचे घ्या. आणि नवीन लोकांची बॅच इथे नाही, कल्याणला. तिथे एका जुन्या गोदामात गाद्या टाकल्यात. बाहेरच्या भिंती नंतर, मी सांगेन तेव्हा.

घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माकडचाळेच करायचेत तर येऊरला जा की. जवळ पडेल. बिबट्या मागे लागला की उड्या आपोआप येतील." पप्पा म्हणाला, "कल्याणला ना? मी सोडतो." सोडतो म्हणजे सोडून परत जातो, असं मी समजले. मूर्ख मी.

पप्पा स्कूटर बससारखी चालवतो. वळताना एवढी जागा घेतो की मागचे रिक्षावाले आमच्या पिढ्या उद्धारतात, आणि सिग्नल सुटायच्या आधी मागे वळून बघतो, सगळे चढले का. सगळे म्हणजे मी एकटी. माजिवडा, भिवंडी बायपास, कोन आणि मग दुर्गाडीचा पूल, असा आमचा रविवारचा रूट ठरला. गोदामाशी पोहोचलो, मी आत गेले, वळून बघते तर पप्पा दाराशी चपला काढत होता. आत आला, एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि देवळात बसावं तसा हात जोडून बसला.

मला वाटलेलं पहिल्या दिवशी निदान एखादी उडी तरी होईल. कोच म्हणाला, आधी पडायला शिका. मी म्हटलं, सर, ते मला जन्मापासून येतं. त्याने ऐकलंच नाही. पुढचे कित्येक रविवार आम्ही नुसते पडत होतो. गुडघ्यावर बसून पडायचं, मग उभं राहून, मग चालता चालता. खांद्यावरून तिरकं लोळत दुसऱ्या बाजूच्या कमरेवर यायचं. मणक्यावरून नाही, आणि डोक्यावरून तर अजिबात नाही. माझी पहिली लोळण म्हणजे मार्केट यार्डात टेम्पोतून कांद्याचं पोतं उतरवावं तशी झाली. बाजूच्या कॉलेजच्या पोरांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. मी म्हटलं, हसा रे, तुमची आई माझ्याच वयाची असेल. हे खोटं होतं, पण ती गप्प बसली.

मग उतरणं. पायाच्या चवड्यावर उतरायचं, गुडघे वाकवायचे, आणि ते आतल्या बाजूला वळू द्यायचे नाहीत. आवाज येता कामा नये. आवाज म्हणजे तुमच्या सांध्यांची बोंब, असं कोच म्हणायचा. मी उतरले की गोदामाच्या पत्र्याखालची कबुतरं उडायची. तो कबुतरांकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि बोट वर करायचा: परत. जमिनीवर खडूने दोन रेघा मारलेल्या. एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जायचं आणि तिथे डुगडुगता उभं राहायचं नाही, गप्प उभं राहायचं. रस्त्यावर लंगडी खेळणाऱ्या पोरींनी बघितलं असतं तर त्यांनी आम्हाला खेळायला घेतलं नसतं. पोरं सारखी विचारायची, सर बॅकफ्लिप कधी? कोच म्हणायचा, "बाजारात गुडघे मिळतात का विचारून ये. मिळत असले तर आजच शिकवतो."

तो माणूस बोअर होता, पण खरं सांगते, मला ते सगळं आवडायला लागलं. भिंतीला हात लावायच्या आधी ती हलवून बघायची. पलीकडे जाऊन बघून यायचं, काच आहे का, कुत्रं झोपलंय का. जिथे स्वतःच्या हाताने चढता येत नाही तिथून उडी मारायची नाही. आणि मन नको म्हणालं तर नको, भिंत उद्यापण तिथेच असते. ऑफिसात कोणी मला कधी म्हणालं नव्हतं, की तुझं मन नको म्हणत असेल तर नको. एके दिवशी मी बाकाएवढ्या खोक्यावरून खाली उतरले आणि एकही कबुतर उडालं नाही. मी तिथेच उभी राहून एकटीच हसत सुटले. एवढी खूश मी दहावीच्या निकालालाही नव्हते.

फक्त एक नियम राहिला, जो कोचच्या लेखी सगळ्यांत पहिला. उतरायच्या जागेत कोणी उभं राहायचं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही. समोरून येणाऱ्याच्या अंगात वेग असतो, तो लोळण्यात जिरवायचा असतो. मधेच कोणी झेललं तर तो वेग दोघांच्या हाडांत जातो.

आणि इकडे आमचा पप्पा.

मी खोक्यावर चढले की त्याची खुर्ची सरकायला लागायची. तो उठायचा नाही, बसल्या बसल्या पायांनी ढकलत पुढे यायचा. मी उडी मारायला वाकले की हात वर. दोन्ही हात, बोटं पसरलेली, मान मागे टाकलेली, डोळे माझ्यावर. कोच सांगायचा, काका, मागे. "हो हो," पप्पा म्हणायचा आणि खुर्ची घेऊन मागे जायचा. पुढच्या उडीला परत हजर. कोचने एकदा त्याला बाजूला बसवून ते वेगाचं सगळं नीट समजावलं. पप्पाने प्रत्येक वाक्याला मान डोलावली, "एकदम बरोबर" म्हणाला, आणि मग कोचला सांगितलं की आपण आयुष्यात कधी सरकलो नाही. कोचने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला जन्माला घातलंय.

मी पण पप्पावर डाफरायचे. स्कूटरवर मागे बसून त्याच्या कानात ओरडायचे की मी काय आता तान्ही आहे का? तो म्हणायचा, "नाय गो बाय. उद्यापासून नाय." कोनपर्यंत भांडण, मग तिथे उसाचा रस, मग घर.

उन्हाळ्यात कोच म्हणाला, तुमचं उतरणं आता बरं आहे, बाहेर या. बाहेर म्हणजे आमचीच वर्तकनगरची बाग. माझी पहिली खरी भिंत. भिंत कसली, कमरेएवढा कट्टा, पण माझ्यासाठी तोच कळसूबाई. मी तो हलवून बघितला, पलीकडे जाऊन बघून आले, एक बाटलीचं झाकण होतं ते उचलून खिशात टाकलं. कोच बाजूला. पोरं बाजूला. पप्पा लांब जांभळाच्या झाडाखाली, पाठ टेकून. मी बोट दाखवून दरडावलं, तिथेच राहा. त्याने मुंडी हलवली.

मी उडी मारली. हवेत असताना म्हणे सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त दोन हात आले आणि डोक्यात आलं, हा म्हातारा इथे कुठून उगवला?

मी पूर्णच्या पूर्ण पप्पाच्या अंगावर आले. आणि मी काही कमी नाही, लपवून काय करू. आम्ही दोघं मातीत. काहीतरी कट् करून वाजलं आणि मला वाटलं, गेला माझा पाय. पाय नव्हता. पप्पाच्या गळ्याजवळचं हाड होतं. तो खाली पडून, चेहरा पांढराफटक पडलेला असताना मला विचारत होता, "लागलं नाय ना गो तुला?"

मी जी सुटले! "अक्कल आहे का तुला? मरायचंय का? मी नीट उतरत होते पप्पा, मी एकदम नीट उतरत होते! तुला कोणी बोलावलेलं मधे?" बागेतला हास्य क्लब हसायचा थांबला. मी ओरडत होते आणि रडत होते, आणि ओरडायचं थांबवलं तर नुसतंच रडू उरेल म्हणून ओरडतच राहिले. कोचने स्वतःच्या गळ्यातल्या पंच्याने पप्पाचा हात छातीशी बांधला आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काका, कसे काय पडलात?"

"मी नाय पडलो," पप्पा म्हणाला. "पोरगी पडली. मी झेलली." एवढं दुखत असताना त्याच्या तोंडावर जो रुबाब होता तो बघून मला त्याचा दुसरा पण खांदा मोडावासा वाटला. डॉक्टरांनी एक्स-रेकडे बघितलं, मग माझ्या खांद्यांकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

घरी आल्यावर आईने भांडी आपटत जाहीर केलं, "एकीला उडायचंय, एकाला झेलायचंय. आणि मी दोघांच्या भाकऱ्या थापतेय. माझ्याइतकी वेडी मीच."

दुसऱ्या दिवशी कोचचा फोन. "ताई, सीधी बात. एक तर काका येणार नाहीत, नाहीतर तुम्ही येऊ नका. या वेळी हाड गेलं. पुढच्या वेळी मान जाईल, त्यांची नाहीतर तुमची. मला दोन्ही नको." मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याचं बरोबरच होतं. मी पप्पाला सांगितलं. तो पलंगावर उशीला टेकून बसलेला, हात झोळीत.

"बरं," तो म्हणाला.

भांडला असता तर चाललं असतं. पप्पा भांडला की मला उत्तरं सुचतात.

मग मी रविवारी एकटीच बसने कल्याणला जायला लागले. सुरुवातीला तो गॅलरीत उभा राहून चांगल्या हाताने टाटा करायचा. मग नुसता उभा राहायचा. मग तेही बंद. गुरुपौर्णिमेला पथकाचा सराव सुरू झाला, खाडीवरून पोरं दोनदा बोलवायला येऊन गेली, तर म्हणे, "झेलायला हात नाय, येऊन काय उपटू?" दहीहंडीच्या दिवशी चौकात डीजे फुटेस्तोवर वाजत होता, काचा थरथरत होत्या, आणि पप्पा टीव्हीवर शेतीविषयक कार्यक्रम बघत होता. आमच्या सात पिढ्यांत शेत नाही.

आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "सोड ना ते. तू त्याला टाकलंस असं वाटतंय त्याला. सगळा जन्म तो कोणाच्या ना कोणाच्या खाली उभा राहिला. आता त्याला कळत नाहीये की उभं कुठे राहू."

मला राग आला. कोणावर ते कळेना. सोडलं तर मी परत खाली. आयुष्यभर खाली, समोर कोणाचा तरी गॉगल. नाही सोडलं तर हा असा, दिवसभर सोफ्यावर, माझ्या बुटांकडे न बघता. मला दोन्ही हवं होतं. मला उडी पण हवी होती आणि माझा पप्पा पण हवा होता. एवढं काय मोठं मागत होते मी?

या वयात हाड जुळायला वेळ लागला, दसऱ्याच्या आधी एकदाची त्याची झोळी निघाली. संध्याकाळी गॅलरीत मी त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, "पप्पा, तुला खरंच बाजूला होता येत नाही का रे? नुसतं उभं राहायचं. एवढंच."

तो खालच्या रिक्षांकडे बघत म्हणाला, "तुला वाटतं मी मुद्दाम करतो. मी त्या झाडाला घट्ट धरून उभा होतो, आईशप्पथ. तू वाकलीस आणि मला कळलंच नाय झाड कधी सुटलं. पाय ऐकत नाय बाय. त्यांना एकच शिकवलंय." मग म्हणाला, "कोणीतरी धरून ठेवायला पायजे मला. मग बघता येईल. मला एकदा बघायचंय गो. खालून नाय, लांबून. तू कशी दिसतेस ते."

मी हसले, कारण नाहीतर रडले असते. पण पप्पा मस्करी करत नव्हता.

पावसाळाभर कोचने बाहेरच्या भिंती बंद ठेवलेल्या. शेवाळ कोणाचा नातेवाईक नसतो, असं त्याचं म्हणणं. दसरा झाला, चांगलं कडकडीत ऊन पडलं, आणि त्याने परत बागेत बोलावलं. या वेळी मागची भिंत. माझ्या छातीएवढी, पलीकडे लाल माती, उतरायचं आणि खांद्यावरून लोळायचं. गोदामात गादीवर ही उडी मी इतक्यांदा मारलेली की स्वप्नातही लोळायचे. मी पप्पाला घेऊनच गेले. कोचने त्याला बघितलं आणि सरळ बॅग उचलली.

"थांबा," पप्पा म्हणाला. त्याने पोरांना हाक मारली. "या रे इकडे सगळे. जवळ या. गोल करा."

पोरं गोंधळून जमली. पप्पा त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आणि मग, इतक्या महिन्यांनी, त्याचा आवाज परत आला, चौकातला, भोंग्याशिवाय चौकभर ऐकू जाणारा. "हात एकमेकांच्या खांद्यावर. असा नाय, पंजा गच्च! डोकी आत. पाय रोवा. तू रे, केसवाल्या, पाय फाक. आता मला आत दाबा. या खांद्याला हात नाय लावायचा, कंबर धरा." त्याने स्वतःभोवती कडं बांधलं. हंडीला खालच्या थराभोवती बांधतात तसंच कडं, फक्त त्यांच्या वर कोणी चढणार नव्हतं. "आता ऐका. ती उडी मारेल तेव्हा मी बाहेर यायला बघेन. मी शिव्या देईन, आईबापावरून देईन. तरी सोडायचं नाय. ज्याने सोडलं त्याचं नाव पथकात संपलं."

"कुठल्या पथकात, काका?" एकाने विचारलं.

"गप उभा राहा."

कोचने बॅग खाली ठेवली. कड्याभोवती एक फेरी मारली, ते उतरायच्या जागेपासून किती लांब आहे ते बघितलं, त्यांना अजून मागे घेतलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली. तो तेव्हाही हसला नाही, पण जवळपास हसला.

मी भिंत हलवून बघितली. ती हलली नाही. पलीकडे जाऊन आले, माती चाचपून आले. मग हाताने चढले आणि वर उभी राहिले.

वरून काय दिसतं ते आता सांगते. बागेच्या पलीकडे आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. त्यांच्यामागे येऊरचे डोंगर दिसतात. आणि खाली, लांब, एकमेकांत अडकलेल्या डोक्यांचा एक गोल, त्याच्या मधोमध एक टक्कल, आणि त्या टकलाखाली माझ्या बापाचं तोंड, वर माझ्याकडे केलेलं. मला त्याचा चेहरा असा कधी दिसला नव्हता. दर वेळी आम्ही दोघं खालीच असायचो ना.

मी वाकले. लगेच तो गोल हलला. "सोडा रे!" पप्पाचा आवाज. पोरं दात-ओठ खाऊन दाबत होती. "सोडा, भाड्यांनो! पोरगी पडतेय!" माझं मन काय म्हणतंय ते मी एकदा ऐकलं. ते नको म्हणत नव्हतं.

मी उडी मारली. समोर कोणाचे हात नव्हते. नुसती लाल माती होती, मोकळी. चवडे टेकले, गुडघे वाकले, खांदा, पाठ तिरकी, कंबर, आणि मी उभी. आवाज नाही. कुठेही काही मोडलं नाही. मी माझ्याच पायांवर उभी होते आणि अंगाला माती लागलेली.

तिकडे कडं सुटलं. पोरं गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती, एकाचा चष्मा मातीत पडलेला. पप्पा चालत माझ्याकडे आला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. त्याने आधी माझे खांदे चाचपले, मग हात, मग गुडघ्यांकडे बघितलं. सगळं जागेवर होतं. मग त्याने घाबरत घाबरत, लहान पोरासारखं विचारलं,

"मी सरकलो का गो?"

मी त्याच्या मागे बघितलं. लाल मातीत पोरांच्या बुटांच्या लांबच लांब रेघा उमटल्या होत्या. पूर्ण कडंच्या कडं त्याने ओढत आणलं होतं, ते पोचलं होतं जवळजवळ माझ्यापर्यंत. चष्मेवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं.

"नाही पप्पा," मी म्हटलं. "जागचा हलला नाहीस."